सिनेमासाठी उतरवलेली घुगरी

आमच्या नातीचं, संगीताचं लग्न २०२२ च्या वैशाखात झालं. त्याआधीच्या हिवाळ्यात, कापसाची वेचणी संपत आली असताना, आमच्या तांड्यावर सिनेमा तयार झाला. करणारा इम्तियाज. तो लोहाऱ्याला ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर भुताचे सिनेमे काढतो.

सिनेमात रात्र होती, पण शूटिंग भर दुपारी. इम्तियाजनं मोबाइलवर निळा जिलेटिन कागद चिकटवला आणि म्हणाला, "झाली रात्र." भुताची सावली पायाशी स्वच्छ पडायची. भुताचे केस कापसाचे, रक्त कुंकवाचं. भूत म्हणजे माझी बायको मानीबाई. नवरा मेलेली ही बाई कापसाच्या पऱ्हाटीतून उठते आणि सरपंचाच्या मागे लागते. सरपंच मी. मागे वळून पाहायचं नाही, असं इम्तियाजनं मला बजावलं होतं. मी पुढे पळत राहिलो, धोतर पऱ्हाटीत अडकून सुटलं, तरी वळलो नाही.

संगीताच्या हळदीच्या संध्याकाळी मांडवात पांढरी चादर बांधून सिनेमा दाखवला. भुताचे केस एक बकरी ओढून खायला लागली आणि भूत सगळं विसरून तिला हाकलायला लागलं, तेव्हा मांडव हसून लोळला. मीही हसलो. मग मानीबाईचा चेहरा जवळून दिसला. कापसाखाली, कानाशी, घुगरी नव्हती.

आमच्यात लग्न झालेली बाई केसांत चांदीची घुगरी घालते. नवरा मेल्यावरच ती उतरते.

शेजारी बसलेली माझी थोरली बहीण मोतीबाई हसता हसता थांबली. "भावसिंग, तू जित्ता हायस न रे?"

घरी येऊन मी मानीबाईला विचारलं.

"भूत विधवा, मंग घुगरी कशी ठेवू?" ती म्हणाली. "इम्तियाजले काय समजते त्यातलं. मीच उतरवली. काम झाल्यावर घातली न परत."

"मी पुढं पळून राह्यलो होतो, अन् तू मागून मले मारून राह्यली होती."

"पळत तं बरे होते तुमी. धोतर सोडून."

त्या दिवसापासून भीती माझ्या मागे लागली. विहिरीवरची मोटर सुरू करायला मी मुलाला पाठवू लागलो. छातीत जरा कळ आली की मानीबाईच्या केसांकडे बघायचो. आणि सिनेमा काही संपत नव्हता. बारसं असो, होळी असो, पोरं चादर बांधायची. यवतमाळच्या एसटीत एका अनोळखी माणसानं मला धोतरवाला सरपंच म्हणून ओळखलं आणि खिडकीजवळची जागा दिली. कुठेतरी कोणीतरी तो सिनेमा बघणार आणि प्रत्येक वेळी ती माझ्या मागे घुगरी उतरवून येणार, या विचारानं मला घाम फुटायचा.

शेवटी मी लोहाऱ्याला गेलो. "तेवढा तुकडा काप."

"बा, बकरी त्यातच हाय," इम्तियाज म्हणाला. "ते कापलं तं राह्यलं काय? तुमचं धोतर?" मग माझा चेहरा पाहून त्यानं स्टूल पुढे सरकवलं. "याडी हो म्हणाली तं कापतो."

मानीबाईला तो याडी, म्हणजे आई, म्हणायचा. याडी नाही म्हणाली. ती चुलीपुढे भाकरी शेकत होती. "लोक मले पाहून हसतात, हसू द्या. अन् तुमाले मराची एवढी भीती असन, तं मी आधी जातो. घुगरी घालून जातो. मंग तं झालं?"

तिनं ते हसत म्हटलं आणि भाकरी उलटली. मला हसू आलं नाही. माझ्या जिवाची भीती तिथेच सरली आणि तिच्या जिवाची बसली. ती शेतातून यायला उशीर झाला की मी शेताच्या वाटेवर, पांदणीत जाऊन उभा राहायचो. तिला खोकला आला की जेवण जायचं नाही.

मागच्या, २०२५ च्या होळीला पोरांनी पुन्हा चादर बांधली. इम्तियाज मुद्दाम येऊन हळूच म्हणाला, "बा, आता कापू का?"

मी राहू दे म्हणालो. बकरीनं केस ओढले, सगळे हसले. मग ती जवळ आली, कानाशी घुगरी नसलेली, आणि मला पहिल्यासारखीच भीती वाटली. तरी मी पुढेच बसून होतो.

मानीबाई भावसिंग राठोड २०२४ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, अंगणात वारली. घुगरी तिच्या केसांत होती.