भुताच्या हातातलं कोकरू

आमच्या आज्जीचा एकच फोटो आहे, आणि तो आधार कार्डावरचा. फोटोवाल्यानं तिची चप्पल चोरली असावी अशा रागानं ती त्यात बघते. गेल्या श्रावणात ती गेली, तेव्हा तोच फोटो मोठा करून, हार घालून भिंतीवर लावला. हा नको, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. पण तेराव्याच्या गडबडीत माझं कोण ऐकणार?

भोगावं लागलं ते आबांना. आबा म्हणजे माझे आजोबा, मल्हारराव. ऐंशीला टेकलेत. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. पडेगावच्या माळावर प्लॉट पडले, चराई संपली, तेव्हा मेंढरं विकली, पण हातातली काठी काही सुटली नाही. संक्रांतीच्या सुमाराला एका सकाळी चहा निवून गेला तरी ते भिंतीकडंच बघत बसले होते.

"काय झालं, आबा?"

"योगे, मला कस्तुराचं तोंड आठवंना."

मी म्हटलं, असं कसं होईल?

"आवाज येतो. हात येतो. भाकर थापताना बांगड्या वर सारायची, ते दिसतं. पन तोंड आठवाया गेलं की ही कार्डावरची बया म्होरं येती. ही कोन हाय? साठ वर्सं संसार केला अन् तिचं तोंड इसरलो. लई पाप वाटतं गं."

आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी शेंद्र्याच्या एका कंपनीत माल तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, त्याचाच पगार मिळतो आणि घरीही तीच सवय, त्यामुळं माझ्या तोंडाला सहसा कुणी लागत नाही. त्या दिवशी मात्र मी नुसता त्यांचा चहा परत गरम करून आणला.

मग फेब्रुवारीत कंपनीतल्या मेघानं एक मेसेज पाठवला. शहरातला एक फिल्म क्लब 'माळावरची पाठमोरी' हा जुना चित्रपट दाखवणार होता, नव्यानं साफ केलेली प्रत. खाली एक फोटो होता. काळापांढरा माळ, मेंढरं आणि पांढऱ्या लुगड्यातली, पाठमोरी बाई.

मी फोन आबांपुढं धरला. त्यांनी बोट ठेवलं. "ही कस्तुरा हाय."

आज्जी-आबांच्या लग्नाच्या वर्षी पडेगावापलीकडच्या माळावर सिनेमाची कंपनी उतरली होती, एवढं आम्हाला घरात ठाऊक होतं. चित्रपट एका गाजलेल्या कथेवरचा. धनगराची बाई बाळंतपणात मरते आणि दिवेलागणीला येऊन नवऱ्याची मेंढरं घराकडं नेते. हिरॉईन शहरातली. तिला अनवाणी चालता येईना, आणि मेंढरं तर तिला बघूनच पळायची. म्हणून लांबून दिसणारं भूत सतरा वर्षांच्या आज्जीला केलं. तोंड दाखवायचं नव्हतंच, नुसतं पाठमोरं चालायचं. पण आज्जीपुढं त्या सिनेमाचं नाव काढलं की ती उठून जायची. तो शहरात लागला तेव्हा ती गेली नाही आणि आबांनाही तिनं जाऊ दिलं नाही. आम्हाला वाटायचं, भूत झाल्याची लाज वाटत असेल.

"आबा, नुसती पाठच दिसणार आहे," मी म्हटलं.

"पाठ तर पाठ. चालताना दिसली तर मागनं तोंड बी येईल."

मला त्यांना न्यायचं नव्हतं. तोंड आलंच नाही तर परत आणताना त्यांची समजूत कुणी काढायची? पण आदल्या दिवशीच त्यांनी दाढी करून घेतली होती आणि रविवारी मी उठायच्या आधी पटका बांधून दारात बसले होते. माझा इलाज चालला नाही.

अकराला हॉलमध्ये पोचलो. तीसेक माणसं, त्यातली निम्मी हजेरीसाठी आलेली कॉलेजची पोरं. क्लबचे सुदर्शन सर आधी बोलायला उभे राहिले. माणूस सज्जन, पण बोलायला लागला की थांबेना. मूळ कथेतलं भूत एकदाही मागं वळत नाही, ते म्हणाले, पण दिग्दर्शकानं शेवट बदलला. भुताचे पाय उलटे असतात ही आपली समजूत. म्हणून शेवटच्या प्रसंगात भूत उलट्या पावलांनी चालतं. या एका शॉटवर आपण तीन लेख लिहिलेत, असंही त्यांनी सांगितलं.

"उलट्या पावलांनी?" आबा माझ्या कानाशी पुटपुटले. "तिला तर सरळ चालायला सांगितलं व्हतं."

दिवे गेले. पडद्यावर हिरॉईनचा चेहरा आला की आबा मोठ्यानं म्हणायचे, "ही नाय." पुढच्या रांगेतला एक पोरगा हसला. मी त्याच्या खुर्चीला लाथ मारली, मग तो गप्प बसला.

पाठमोरी बाई तीनदा दिसली. प्रत्येक वेळी आबा पुढची खुर्ची धरून वाकले आणि प्रत्येक वेळी मी त्यांच्याकडं बघितलं. ते मान हलवायचे. चाल तिचीच होती. तोंड येत नव्हतं. कशाला आणलं मी ह्यांना, असं मला होऊन गेलं.

मग शेवटचा प्रसंग आला. दिवस मावळतीला गेलेला. ती चढ चढत पलीकडं चाललेली आणि मेंढरं तिच्या मागं. एकाएकी एक मेंढी अडून राहिली. बाई थबकली, वळली, खाली आली आणि वाकली. उठली तेव्हा तिच्या हातात नुकतंच जन्मलेलं, ओलं कोकरू होतं. पुढचे दोन पाय धरून तिनं ते जमिनीलगत ठेवलं आणि तशीच वाकून एकेक पाऊल मागं टाकत चढावर निघाली. कोकराला नाक लावून मेंढी तिच्याबरोबर चालू लागली.

मागं चालत असल्यामुळं तिचं तोंड आमच्याकडं होतं. पदर खांद्यावर पडलेला. घामेजलेलं कपाळ आणि थोडं फुगीर नाक. माझंही तसंच आहे, म्हणून आजवर मी त्याला नावं ठेवत आले. तिनं मेंढीकडं बघितलं, मग मान वर करून थेट आमच्याकडं बघितलं आणि काहीतरी म्हणाली. ओठ हलले, पण संगीतात शब्द ऐकू आले नाहीत.

आबा उठून उभे राहिले.

"आलो!" ते म्हणाले. "आलो, कस्तुरा!"

या वेळी कुणी हसलं नाही. मी रडत होते, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

दिवे लागल्यावर सुदर्शन सर धावतच आमच्याकडं आले. कोण, काय, ते मी सांगितलं. मग आबा बोलू लागले.

"मेंढी मधीच व्याली, साहेब. कोकरू उचलून उराशी धरलं की मेंढीला वास लागत नाय. जिथं व्याली तिथंच माघारी पळती. म्हनून भुईला टेकवून, तिच्याकडं तोंड करून मागं मागं चालायचं. मागं वळू नको, म्हनून कस्तुराला लई बजावलं व्हतं. पन मेंढी मागं राह्यली असती, मग ते कसं ध्यानात राहील? मोठा साहेब टोपी आपटून वरडला. दिवसाची मेहनत नासली म्हनला. दोन दिवस जेवली नाय ती. माझ्यामुळं त्या लोकांची तेवढी फिलम वाया गेली, हेच साठ वर्सं धरून बसली."

आज्जी का उठून जायची, ते मला तेव्हा कळलं.

"त्यांनी ते टाकलं नाय, योगे. ठिवलं. अन् हे साहेब त्याच्यावर लिवतेत. तिला कळायला पायजे व्हतं."

सरांचे तीन लेख एका मेंढीनं खाल्ले होते, पण माणसानं वाईट वाटून घेतलं नाही. हळूच म्हणाले, "आजोबा, त्या तिथं काय म्हणाल्या?"

"मी कॅमेऱ्याच्या बाजूलाच व्हतो. म्हनली, नुसतं बगत काय हुबे राह्यलाव, मागली मेंढरं आना की!"

सरांनी तो शॉट परत लावायला सांगितला. गेलेली पोरं दारातून माघारी आली. एकदा लावला. दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा आज्जी वाकून कोकरू उचलत होती तेव्हा मी बाजूला बघितलं, तर आबांचे डोळे मिटलेले.

"आबा, बघा ना. परत नाही लावणार ते."

"बगतोय की."

"डोळे मिटून?"

"व्हय. दिसती." डोळे न उघडताच त्यांनी माझा हात चाचपून धरला. "बंद कराया सांग त्यांना. कितींदा तो चढ चढायला लावायचं तिला? दमली आसंल."