जाळ्याखालचा गोल

मंजुळेच्या हाती पोरं देऊ नका, असं कोळीवाड्यातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी बजावून झालं होतं. बाईमाणूस फुटबॉल शिकवणार म्हणजे काय, जगबुडी आली काय! पण अठ्ठ्याऐंशी साली ठाण्याच्या त्या खाडीकाठी जिल्ह्याच्या संघातून खेळलेलं दुसरं माणूस नव्हतं. कोळीवाड्याच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष दामाजीशेठ नाइलाजाने तयार झाले आणि मंडळाची शिट्टी मंजुळेच्या गळ्यात पडली.

ओहोटी लागली की ती पोरांना चिखलात उतरवायची. चिखलात बॉल आपल्या मनाने पळत नाही, पायाच्या आतल्या बाजूने त्याला गोंजारत न्यावा लागतो. पडून, लोळून, काळीठिक्कर होऊन पोरं ते शिकली. दुसरा नियम त्याहून कडक होता. फाऊल ज्याने केला त्याने शिट्टीची वाट न बघता स्वतःचा हात वर करायचा.

"रेफरीनं बघितलंच नाय तर?" कान्हाने एकदा विचारलं. संघातला सगळ्यात चपळ आणि सगळ्यात आगाऊ पोरगा तो.

"तू बघितलंस ना? मग झालं."

फायनल विठ्ठलवाडीच्या पोरांशी होती. सकाळी मंजुळा गोलपोस्टला जाळं लावत असताना दामाजीशेठ पांढरे शुभ्र कपडे घालून आले. "मंजुळे, कप नाय आला तर शिट्टी माझ्या हातात आणून दे. पोरं दुसऱ्याकडं सोपवीन."

या पोरांवाचून तिच्या दिवसात मासळीची टोपली आणि घरचा स्वयंपाक, एवढंच उरणार होतं. तरी ती म्हणाली, "बघू की मामा."

जाळं तिच्या आईचं, जुनं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेलं. इतर कुणी ते खाली खुंट्या मारून जमिनीला पक्कं केलं असतं. पण कोळ्याच्या लेकीला जाळं तळाशी ठोकून ठेवायचं सुचेलच कसं? शिशाच्या भाराने ते खाली बसतं, हे तिला जन्मापासून ठाऊक. तिने ते तसंच सोडलं.

सामना संपत आला तरी गोल नव्हता. तेवढ्यात कान्हा कडेने सुसाट निघाला, दोघांना चकवलं आणि खच्चून किक मारली. बॉल पोस्टच्या बाहेरून गेला, बाजूच्या जाळ्यावर खाली आदळला, शिसं खळखळलं आणि जाळ्याची कड उचलून बॉल आत घुसला. रेफरी लांब होता. त्याला बॉल आत दिसला. त्याने गोल दिला.

मैदान डोक्यावर घेतलं गेलं. विठ्ठलवाडीचा गोलकीपर रडकुंडीला येऊन जाळ्याकडे बोट दाखवत होता, त्यांचे कोच देवराम सर रेफरीला विनवत होते, पण जिंकणाऱ्यांच्या गोंगाटात हरणाऱ्याचं ऐकतो कोण!

कान्हा मात्र नाचत नव्हता. तो मंजुळेकडे बघत होता. त्याचा हात खांद्यापर्यंत आला होता.

"हात खाली कर रे!" दामाजीशेठ गरजले. "मंजुळे, सांग त्याला!"

खळखळ तिनेही ऐकली होती. आईच्या जाळ्याचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. एक गप्प बसणं, की कप आपला, पोरं आपली. मग आपल्याच पोराला हात खाली कर म्हणून सांगायचं? दामाजीशेठचा असा राग आला तिला, की कानशिलं तापली.

ती मैदानात शिरली आणि तिने स्वतःचा हात वर केला.

"गोल नाय, साहेब. जाळ्याखालून गेला. जाळं मीच मोकळं ठेवलेलं."

कान्हाचा हात वर गेला. मग बाकीच्यांचेही गेले. कुणाचा पटकन, कुणाचा रडत.

रेफरीने गोल रद्द केला. उरलेल्या वेळात विठ्ठलवाडीने गोल मारला, पोस्टच्या मधून, सरळ. मंजुळेने टाळ्या वाजवल्या. वाईट वाटत होतं, तरी वाजवल्या.

कप गेला. दामाजीशेठ हात पुढे करून उभेच होते. "धर्मराज झालीस ना? आण शिट्टी."

तिने शिट्टीचा दोरा गळ्यातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. "घ्या. मंडळाची हाय." मग ती गोलपोस्टकडे गेली आणि गाठी सोडायला लागली.

"आता हे काय?"

"जाळं माझ्या आयचं हाय." तिने ते खांद्यावर घेतलं आणि पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्या चारला ओहोटी लागते. ज्याला शिकायचंय त्यानं खाडीवर यावं."

जाळं लांब होतं, अर्धं मातीतून फरफटत होतं. कान्हाने त्याची कड उचलली. मागोमाग दुसऱ्याने, तिसऱ्याने. पोरं जाळं धरून तिच्या मागून चालू लागली.

दामाजीशेठनी शिट्टी फुंकली. एकदा, मग जोराने पुन्हा. शिट्टी वाजली की जागच्या जागी थांबायचं, ही शिस्त पोरांना मंजुळेनेच लावली होती. त्या दिवशी एकही थांबला नाही.