पासवर्डची चौकट

यशश्रीने आईच्या संगणकाच्या लॉगिनच्या पडद्यावरून शेवटी घड्याळही काढून टाकलं. कोपऱ्यातली चित्रं गेली, बटणं गेली. उरला नुसता निळा पडदा आणि मधोमध पासवर्डची चौकट. मग तिला वाटलं, हीसुद्धा कशाला? आईला हल्ली चहात साखर घातली की नाही तेही आठवत नाही, पासवर्ड कुठला आठवायला! तिने तीही उडवली. आता संगणक सुरू केला की सरळ घरचे फोटो. जयनगरहून येलहंक्याला आईबाबांकडे येताना ट्रॅफिकमध्ये जीव आटवल्याचं चीज झालं म्हणून स्वारी खूश होती.

नीलिमाताई, तिची आई, रोजच्यासारख्या अंघोळ करून संगणकापुढे येऊन बसल्या. पडदा उजळला, फोटो दिसू लागले. त्या मात्र बोटं कीबोर्डवर ठेवून तशाच बसून राहिल्या. हळूहळू त्यांचा चेहरा रडवेला झाला.

"मला विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

काय विचारलं नाही, ते काही त्यांना सांगता येईना. आता कुणी काही विचारणार नाही, तुझा त्रास गेला, असं यशश्री समजावत राहिली. पुरुषोत्तमराव अवरेकाईच्या शेंगा सोलत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि लेकीला बाल्कनीत नेलं.

"पासवर्ड शंतनु आहे," ते म्हणाले. "तो गेल्यावर तिनेच ठेवला. आता तो कोण, हे तिला ठाऊक नाही. पण रोज सकाळी बोटं बरोबर त्याचं नाव लिहितात. तेवढंच उरलंय गं तिच्याकडे."

धाकटा भाऊ गेल्यापासून या घरात त्याचं नाव घ्यायचं यशश्री स्वतःच टाळत आली होती. तिने मुकाट्याने आत येऊन चौकट परत आणली. जळ्ळी मेली ती हुशारी, असं तिला झालं.

संगणक पुन्हा सुरू झाला. नीलिमाताईंची बोटं कुठेही न अडखळता चालली. पडदा उघडला आणि उन्हात स्कूटरवर बसून हसणारा शंतनु समोर आला.

"हा कोण गं?" त्यांनी विचारलं.

यशश्री त्यांच्या खुर्चीशेजारी येऊन बसली.

"आत्ता ज्याला हाक मारलीस ना आई, तोच."

नीलिमाताईंनी फोटो निरखून पाहिला.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "मग उन्हात कशाला ताटकळत ठेवलंय? जेवायला बोलाव त्याला."

दुपारी यशश्रीने चार पानं घेतली. पुरुषोत्तमरावांनी चौथ्या पानावरही अवरेकाईची उसळ वाढली.