शेवटचं शेत

आमच्या वस्तीत कापणीला मजूर लावत नाहीत. सगळ्यांनी मिळून एकेकाचं शेत कापायचं, ही सासऱ्यांच्या काळापासूनची रीत. माझं शेत सखल, पीक उशिरा तयार होतं, म्हणून माझी पाळी शेवटची.

आज पाण्याचे हंडे भरले, विळ्यांना धार लावली. कुत्रंही फिरकलं नाही. तणतणत धाकट्या दिरांच्या दारात गेले.

“वहिनी, पुढच्या वर्षीपासून सगळे मशीन लावणार,” ते चहा फुंकत म्हणाले. “मग आता कोण कुणाकडे राबणार?”

“आणि मी राबले ते? कधी ठरलं हे?”

“कापणीच्या आधीच.”

जाऊ खाली बघत होती. काल तिच्याच शेतात माझं बोट कापलं, तेव्हा पदर फाडून चिंधी बांधताना म्हणाली होती, “ताई, जपून. उद्या तुमचं शेत आहे.”