उशाशी ठेवलेली सुरी

सोनईच्या बाजारात घिसाडणीपुढे बसून इंदूला अर्धा तास झाला, तरी कोणती सुरी घ्यावी हे काही तिचं ठरेना. बनुबाई घिसाडीण पोत्यावर विळे, खुरपी नि सुऱ्या मांडून बसली होती, आणि इंदूने एखादी सुरी उचलली की एकच विचारत होती, काय कापायचं हाय? आता याला काय सांगावं? इंदू आधी भाजी म्हणाली, मग दोरी म्हणाली, शेवटी लिंबू म्हणून मोकळी झाली. बनुबाईने भाजीला एक, दोरीला दुसरी आणि लिंबाला तिसरी सुरी काढून पुढे केली.

खरं म्हणजे इंदूला काहीच कापायचं नव्हतं. ती दवाखान्याची नर्सबाई. वस्त्यांवर पायी जाऊन बाळंतपणं करायची, हे तिचं काम. गेल्या महिन्यात ओढ्याजवळच्या पायवाटेवर एक माणूस दोनदा तिला आडवा आला. दोन्ही बाजूंना ज्वारी डोक्यावर गेलेली, हाक मारली तरी ऐकणार कोण? पहिल्यांदा त्याने एकट्याच का, म्हणून विचारलं. दुसऱ्यांदा तिच्या पिशवीचा बंद धरला आणि हसत उभा राहिला. लांबून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तेव्हा कुठे त्याने तो सोडला. पिवळा फेटा आणि हनुवटीवर जखमेचा वण, याहून जास्त तिला त्याची ओळख नव्हती.

दवाखान्यातल्या नारायणराव कंपाउंडरांना तिने हे सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि सल्ला दिला, की मग त्या वाटेने जाऊ नका. झालं! बोलावणं नाकारलं की तक्रार, तक्रार गेली की नोकरी जाणार, आणि नगरला भाड्याच्या खोलीत इंदूच्या, विधवा लेकीच्या, पगारावर दिवस काढणारी आई उपाशी. सल्ला देणाऱ्याचं काय जातं? इंदूला त्यांचा चष्मा फोडावासा वाटला.

म्हणून ही सुरी. पण मोठी घ्यावी तर ती लपवायची कुठे, आणि लहान घ्यावी तर तिला भिणार कोण? पिशवीत टाकली तर ऐनवेळी कापसातून नि कात्र्यांतून हाताला लागेल का? आणि समजा लागली, काढलीही, तर पुढे काय करायचं? जन्मलेल्या पोराची नाळ कापतानाही जिचा श्वास अडकतो, ती माणसावर हात उगारणार होती! इंदूला स्वतःचंच हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

बनुबाईने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि लिंबाची सुरी बाजूला सारली. पदराखाली मावेल अशी पाहिजे का, एवढंच तिने हळू आवाजात विचारलं. इंदूने मान डोलावली. तेव्हा बनुबाईने स्वतःच्या कमरेची, चार बोटं पात्याची, कातडी म्यानातली सुरी काढली. इंदूने हात पुढे केला, तर बनुबाईने ती जमिनीवर ठेवली.

"उचला तुमी. हत्यार हातातून हातात देऊ न्हाई, भांडान लागतं."

त्यानंतर आठ दिवस सुरी इंदूच्या कमरेला होती. तिच्यामुळे धीर आला म्हणावं, तर तसंही नाही. बसताना ती टोचायची, उठताना घसरायची, आणि सारखी त्या माणसाची आठवण करून द्यायची.

नवव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून दगडाबाईचा गडी बैलगाडी घेऊन आला. दगडाबाईची सून, मनकर्णा, पहिलटकरीण, पहाटेपासून अडली होती. दुपारपर्यंत इंदूला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. मुलगी झाली. इंदू वाकली, पोर रडली आणि नेमकी त्याच क्षणी कमरेची सुरी म्यानातून निसटून बाजेखाली खणकन पडली.

दगडाबाई तर हरखूनच गेली. बाळंतिणीच्या उशाशी लोखंड लागतं, ते असं आपल्या पायांनी चालत आलं! सटवाईनेच धाडली म्हणत तिने सुरी पुसून उशीखाली सारली. आता बारसं होईपर्यंत ती हलवायची नाही. एरवी असल्या समजुतींवर इंदू बायकांना चार गोष्टी ऐकवायची, आज तिला स्वतःचीच वस्तू मागवेना. गाडी तर व्याह्यांना निरोप द्यायला गेली होती. म्हणजे परतताना ती एकटी, पायी, आणि कंबर रिकामी.

एवढ्यात दगडाबाईने लेकाला हाक मारली, की ये रंगनाथा, लेक बघ. तो उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. पिवळा फेटा, हनुवटीवर वण. इंदूच्या हातातलं पाण्याचं भांडं हिंदकळलं.

दगडाबाईचं आपलं चालूच होतं. नर्सबाईंची सुरी कशी वेळेवर पडली ते तिने लेकाला सांगितलं, आणि मग तिच्या मनात काय आलं कोण जाणे, ती इंदूकडे वळली.

"पन बाई, तुमी ही कशाला बाळगता? काय कापाया?"

तोच प्रश्न! पण या वेळी इंदूला भाजी आठवली नाही की लिंबू आठवलं नाही.

"कापायला नाही, आजी. ओढ्याजवळ एक माणूस माझी वाट अडवतो. त्याच्यासाठी घेतली."

कोण तो मेला, नाव सांगा, म्हणून दगडाबाई कडाडली. नाव सांगावं की गिळावं? याच घरात आत्ता पोर जन्मलेली, याच वाटेने परत जायचं. इंदूची नजर उंबऱ्यावरून हलेना, आणि रंगनाथाची नजर जमिनीवरून उठेना. बाजेवर मनकर्णाने भिंतीकडे तोंड फिरवलं. दगडाबाईने सुनेकडे बघितलं, मग लेकाकडे, आणि ती मटकन खाली बसली.

मग म्हातारी उठली, कोपऱ्यातला विळा आणून तिने उशीखाली ठेवला, सुरी काढली आणि लेकापुढे उंबऱ्यावर टाकली. बाईंची बाईंना दे, म्हणाली. त्याने ती उचलली आणि इंदूच्या पायापाशी ठेवायला वाकला.

"खाली न्हाई. हातात दे."

"आये, हातात देऊ न्हाई. भांडान लागतं."

"लागू दे."

त्याने पातं स्वतःच्या हातात धरून मूठ इंदूकडे केली. इंदूने सुरी घेतली.

दगडाबाई पदर डोक्यावर घेऊन तिच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत आली. पाण्यापाशी थांबल्यावर तिने विचारलं, लई भ्याला हुता का तुमी? इंदू हो म्हणाली. आपण जिंकलो की एका घराची वाट लावली, हे तिला अजून समजत नव्हतं.

"मी बी भ्याले," म्हातारी म्हणाली. "तुमी जाताल आता तुमच्या वाटंनं. मला त्याच घरात परत जायाचं हाय."

इंदूने कमरेची सुरी काढून तिच्यापुढे धरली. म्हातारीने नको म्हणून मान हलवली. असू द्या तुमाला, म्हणाली, आणि ज्वारीतून मागे वळली. नातीला सुनेच्या छातीशी लावायची वेळ झाली होती.