गाळलेली कुजबुज

मावशीच्या कानातलं नवं मशीन खटपट्याच्या हातचं होतं, आणि हे मावशीचं अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं. घड्याळ, मिक्सर, इस्त्री, जे दिसेल ते उघडून बसणाऱ्या या भाच्याला लहानपणी हे नाव तिनेच ठेवलं होतं, आणि आईमागे त्याला वाढवलंही तिनेच. आता तो कंपनीत इंजिनिअर होता, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

त्याचं काम सांगायला सोपं, करायला महाकठीण. गोंगाट बाजूला काढून नुसतं बोलणं कानापर्यंत पोचवणारं न्यूरल नेटवर्क मोठ्या कॉम्प्युटरवर मजेत चालायचं. पण स्वस्तातल्या श्रवणयंत्रातली चिप नखाएवढी, तिची मेमरी चिमूटभर, आणि बॅटरी तर दिवसभर पुरायला हवी. म्हणून तो महिनोन्महिने नेटवर्क छाटत बसला. आकडे लहान केले, जोडण्या कापल्या, कमी पडेल तिथे पुन्हा शिकवलं. अख्ख्या घराचं सामान एका पिशवीत कोंबावं तसला प्रकार. शेवटी सगळं बसलं, फक्त कुजबुजीपाशी अडलं. कुजबुजीला सूर नसतो, नुसती हवा असते. छाटलेलं नेटवर्क तिला पंख्याची घरघर समजून पुसून टाकायचं, आणि चाचणीचे गुण नेमके तिथे घसरायचे.

मीटिंगमध्ये तोड काढली ती खटपट्यानेच. "कुजबुजीची रेकॉर्डिंग चाचणीतून काढून टाकू. बहिऱ्याच्या कानात कुजबुजतंय कोण?"

सगळे हसले. टीमच्या प्रमुख बाईही हसल्या. गुण वर गेले आणि मशीन बाजारात आलं.

तेव्हा काका त्याच्या डोक्यातच आले नाहीत. काका म्हणजे मावशीचे यजमान, शाळेत कवायतीचे मास्तर. एके काळी त्यांच्या 'सावधान'ने रस्त्यावरची माणसंही ताठ व्हायची. घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला तो गेलाच, उरली ती श्वासावरची फुसफुस. दवाखान्यात त्यांच्या उशाशी हाच बसला होता, औषधाच्या वेळा पाळत. तरी जीभ सैल सोडताना ते आठवले नाहीत, आणि याला काही सबब नव्हती.

मशीन घेऊन थोडे दिवस झाले तेव्हा तो मावशीकडे जेवायला गेला.

"काय सुरेख केलंयस रे," मावशी म्हणाली. "जुन्या डबड्यात भांडी, नळ, रस्ता, सगळं एकदम कानात घुसायचं. आता कसं शांत वाटतं. फक्त हे रुसलेत."

"रुसलेत?"

"बोलतच नाहीत. ओठ हलवल्यासारखं करतात नि गप्प बसतात. माझ्यासाठी श्वास खर्चणंही यांच्या जिवावर येतंय. बसा म्हटलं रुसून, मीही बघत नाही तुमच्याकडे."

काका तिच्या पाठीशीच उभे होते. "तुझं पान वाढू का?" त्यांनी तिला विचारलं. खटपट्याला स्वच्छ ऐकू आलं. मावशी काकडी चिरत राहिली. काकांनी पुन्हा विचारलं, मग मुकाट्याने स्वतःचं ताट घेऊन खिडकीपाशी जाऊन बसले. खटपट्याला मीटिंगमधलं आपलंच वाक्य आठवलं.

जेवणानंतर काकांनी त्याला गॅलरीत गाठलं. "मशीन उत्तम आहे. फक्त मी त्यातून जात नाही. हो ना?"

"काका, ते..."

"तिला सांगू नकोस. लगेच जुनं डबडं घालून बसेल. तुझं कौतुक करत फिरते, फिरू दे. रुसलो म्हणाली तर म्हणू दे."

खटपट्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ऑफिसात त्याने टाकून दिलेली रेकॉर्डिंग परत काढली आणि नेटवर्कला पुन्हा शिकवायला बसवलं. कुजबुज ओळखू यायला लागली, पण त्यासाठी वाढवलेला भाग वीज खायचा. बॅटरी संध्याकाळीच मान टाकायची. बाईंना दाखवलं.

"खोक्यावर 'दिवसभर' छापलंय," त्या म्हणाल्या. "पुढच्या मॉडेलात बघू. असे लोक असून असून असणार किती?"

याला उत्तर खटपट्याच्या घरातच होतं. तरी त्याने मान डोलावली. मावशीपुरतं तेवढं बदलायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि आपण सुटलो असं त्याला वाटलं, याचीच पुढे त्याला जास्त लाज वाटली.

"बॅटरी आता लवकर उतरेल," त्याने मावशीला मशीन परत देताना सांगितलं. तिने ते कानात घातलं. काका स्वयंपाकघराच्या दारात आले.

"चहा निवतोय."

मावशी वळली. "ओरडता कशाला? ऐकू येतंय मला."

काका दारातच थबकले. मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे रोज बोलत होतात?"

काकांनी खटपट्याकडे पाहिलं. "छे. रुसलो होतो."

आता मात्र त्याला सहन झालं नाही. "नाही मावशी. काका रोज बोलत होते. मशीन त्यांचा आवाज गोंगाट म्हणून गाळत होतं. मला माहीत होतं, आणि मी ते चालू दिलं."

मावशीने काकांचा हात धरून त्यांना शेजारी बसवलं. खटपट्या शिव्यांची वाट बघत होता.

"माझ्याच मशीनमध्ये होतं असं?"

"नाही. सगळ्यांच्याच. बाकीची अजून तशीच आहेत."

मावशीने त्याच्यापुढचा चहाचा कप उचलून घेतला.

"मग तू इथे काय बसलायस?"