शेवटची बारा मुसकी

माझ्या बायकोला, माणिकबाईला, उचलायला चौघे आले, तेव्हा त्यांच्या तोंडावर तिनेच शिवलेली मुसकी होती. चारपदरी मलमल, चार बंद. कडेचा टाका जरा तिरका. तो टाका मी कुठेही ओळखला असता. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की बरं झालं, हिच्याच हातचं यांच्या कामी आलं.

आम्ही फुलमाळी. अमरावतीत देवीच्या वाटेवर आमचं हारांचं दुकान. त्या वर्षी, म्हणजे १९१८ साली, दसऱ्याच्या तोंडावर तापाची साथ आली आणि झेंडू झाडावरच सुकला. देवळाकडे कोणी फिरकेना. हार विकले ते तिरडीवर घालायला. तेवढ्यात सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आमच्या गल्लीत आले. म्हणाले, तुमच्या बायकांच्या हाताला सुईची सवय आहे, तोंडावर बांधायच्या पट्ट्या शिवून द्या. मलमल आम्ही देतो. शिवून झाल्या की दवाखान्यात आणा, आम्ही उकळून, वाळवून वाटतो.

पट्टी कोण म्हणणार? मळणीच्या बैलाला बांधतात तसं दिसलं, म्हणून सगळे मुसकंच म्हणू लागले.

"अवो, हे तुमाले पयलेच शिवून द्याले पायजे होतं," माणिकबाई म्हणाली. "तीस वर्षं मले बोलू देल्लं नाई तुमी."

"तीस वर्षं तूच बोलून राहिली," मी म्हणालो. गल्लीतल्या बायका हसल्या.

दिवसभर आमच्या ओसरीवर पाच-सहा जणी बसून शिवायच्या. आमच्यात देवाच्या हाराचा दोरा तोंडाला लावत नाहीत. दोरा ओला करायचा तर वाटीतलं पाणी, आणि तोडायचा तर अंगठ्याच्या नखाने. उष्टा दोरा देवाला चालत नाही. माणिकबाई आठ वर्षांची असल्यापासून हेच शिकली होती. पण मुसकी शिवताना ती दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करायची आणि टाका संपला की दाताने तोडायची. मी एकदा टोकलं.

"हे काय देवाच्या गळ्यात जाते?" ती म्हणाली. "माणसाच्या तोंडाले तर बांधाचं हाय. याले उष्टं चालते."

मलाही ते पटलं. खरंच पटलं.

मंगळवारी सकाळी तिने शेवटची बारा मुसकी शिवली. त्यातलं एक आमच्या शकुनसाठी ठेवलं. शकुन आमची एकुलती एक, भातकुलीला दिलेली, तेव्हा सातवा महिना लागलेला. आमचे जावई खुशालराव भाजी घेऊन बाजारात आले होते. माणिकबाईने ते मुसकं त्यांच्या हातात दिलं आणि दारात उभी राहून काहीतरी सांगितलं. मी आत उरलेल्या मुसक्यांची गठडी बांधत होतो. मला ऐकू आलं नाही.

उरलेली अकरा घेऊन मी दवाखान्याकडे निघालो. कोपऱ्यावर चंद्रभान भेटला. आमच्या शेजारच्या पार्बताबाईंचा मुलगा. त्याने चार पोरं जमवली होती आणि ज्यांच्या घरी उचलायला माणूस उरला नाही, त्यांची प्रेतं ते नेत होते. सगळे उघड्या तोंडाने.

"काका, ते मुसकी व्हय? द्या ना इकडं."

"दवाखान्यात न्याचे हाय. थे उकळतात."

"उकळून मंग कोनाले देतात? आमालेच ना? तिकडं दोन मढे पडून हाय काका, अन् तुमी कपडा शिजवत बसता."

मी गठडी सोडली. "घे," म्हणालो. "कोरे हाय. आत्ताच शिवले."

मी परत आलो तेव्हा माणिकबाई ओसरीवर आडवी झाली होती. अंग चुलीसारखं तापलेलं. गुरुवारी ती गेली. उचलायला आले ते चौघे चंद्रभानच्याच टोळीतले. शकुनला मी कळवलं, पण तशा दिवसांत येऊ नको म्हणून निरोप दिला.

पुढच्या बुधवारी चंद्रभान गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबरचा एक पोरगा. त्यांनी पन्नास प्रेतं उचलली होती. ताप त्यांना कुठून लागला, कोण सांगणार? मीही स्वतःला हेच सांगितलं. पण चंद्रभानला नेताना एकाच्या तोंडावरच्या मुसक्याच्या कडेला दोऱ्याचं टोक लोंबत होतं. चपटं, दाताने तोडलेलं. ते मी पाहिलं आणि मला शकुनचं मुसकं आठवलं. तेही त्याच सकाळचं.

मी तसाच भातकुलीला चालत निघालो. वाटेत जो भेटेल त्याच्या तोंडाकडे बघत होतो. फडकं बांधलेलं असलं की टाका दिसतो का बघायचा. उन्हात एक बाई समोरून आली, पदर नाकावर धरून. मला वाटलं माणिकबाईच आहे, आणि पदर काढून विचारेल, कुठं निघालात. ती जवळून निघून गेली.

शकुन दारात ज्वारी पाखडत होती. तोंडाला मुसकं होतं. मी धावत जाऊन तिच्या कानामागचा बंद ओढला.

"बाबा! काहून असं करून राहिले?"

"ताप हाय का तुले? खोकला?"

"काई नाई मले. बसा तुमी." तिने मुसकं माझ्या हातातून घेतलं आणि छातीशी धरलं. मग रडली. आई गेल्यावर आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो.

रडून झाल्यावर ती म्हणाली, "उकळून घातलं मी, बाबा. दोनदा. मायनंच मुसक्यासंगं निरोप देल्ला होता यायच्याजवळ."

"काय निरोप?"

"म्हने, मले सकाळपासून कसकस हाय. दोरा मी दातानं तोडला. दवाखान्यातले तर उकळतातच, पन तुह्यं सीधं चाललं, म्हनून तू उकळजो. अन् तुह्या बाबाले सांगू नोको, थो मले काम करू देनार नाई."

मी ओट्यावर बसलो. म्हणजे तिला माहीत होतं. तिने सगळा विचार करून ठेवला होता. एकच मुसकं उकळल्याशिवाय जाणार होतं, त्याची सोय तिने केली. बाकीची अकरा तिने माझ्या हातात दिली होती.

"बाकीचे देल्ले ना बाबा दवाखान्यात?" शकुनने विचारलं.

"देल्ले," मी म्हणालो.

शकुनला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. साथ ओसरली, देऊळ भरू लागलं, मी पुन्हा दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी पार्बताबाई आल्या.

"देवीदासभाऊ, एक लहान हार द्या."

"कोनत्या देवाले?"

"देवाले नाई. चंद्रभानचं मुसकं हाय, खुंटीवर. त्यानं घरी येऊन काढलं, थे तसंच हाय. धुतलंबी नाई मी. त्याच्यावर घालतो." मग म्हणाल्या, "तुमच्या बाईनं माह्या लेकाचं तोंड झाकलं. तिचे उपकार हाय आमच्यावर."

त्या रोज येतात. मी रोज हार करून देतो. दोरा पाण्यात भिजवतो, नखाने तोडतो. रोज वाटतं आज सांगावं. त्या हार पदरात घेतात, म्हणतात, येतो भाऊ, आणि मी म्हणतो, या.